परसातला आखाडा

आमच्या घरांत वाढदिवस आले ते अलीकडेच. अब्बांच्या पिढीची जन्मतारीख शाळेत मास्तर लिहितील तीच, म्हणून निम्म्या गल्लीची १ जून. अब्बांच्या पंचाहत्तरीचा विषय निघाला तेव्हा घरात लगेच दोन तट पडले. धाकट्या भावाला हॉल, केक, फुगे हवे होते. थोरला म्हणाला, "हे आपल्यात नसतं." अब्बांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "केक-बीक कायकू? मेरे तालमीवाले दोस्तां को बुलाव, बस."

मला ऐकून आश्चर्य वाटलं. चोवीसाव्या वर्षी लंगोट खुंटीला लावल्यापासून अब्बांनी कुस्तीचा विषय घरात कधी काढला नव्हता. दादा वारले, खुराक परवडेना, आणि कराडजवळच्या खेड्यातला हा पैलवान सांगलीच्या हळदीच्या पेठेत तोलाईच्या कामाला लागला. २०२२ साली साताऱ्यात 'महाराष्ट्र केसरी'चा आखाडा भरला, तेव्हाही ते टीव्हीसमोरून उठून गेले होते.

कुस्ती मात्र आमच्या घरात दादांपासूनची. १९५२ साली गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकीहून ऑलिंपिकचं कांस्यपदक घेऊन कराडला उतरले, तेव्हा निघालेली शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक दादांनी पाहिली होती. प्रवासखर्चासाठी खाशाबांनी लोकांकडून पैसे जमवले होते आणि परतल्यावर कुस्त्यांची मैदानं भरवून कर्ज फेडलं. हे ऐकतच अब्बा लहानाचे मोठे झाले. पुढे त्यांचे आदर्श होते कवठेपिरानचे मारुती माने, १९६४ सालचे हिंदकेसरी.

खरी धाकधूक दोस्तांची होती. तालमीत एकाच मातीत लोळलेली ही माणसं. पण गेल्या काही वर्षांत येणं-जाणं कमी झालं होतं. कुणी कुणाशी भांडलं नव्हतं. नुसतं कमी झालं होतं. मी आठ घरी स्वतः जाऊन आमंत्रण दिलं. कोण येईल, याचा अंदाज नव्हता.

तयारी साधीच होती. परसात दहा पावलांची जागा मोकळी केली. एक ट्रॉली तांबडी माती आणली, तीत ताक, तेल, लिंबू आणि हळद मिसळली. हळद अर्थातच सांगलीची. बदाम, खसखस, बडीशेप, मिरी पाट्यावर वाटून थंडाई केली. दोस्तांपैकी एकजण माळकरी, म्हणून अम्मीने मटणाचा बेत रद्द केला. भाकरी, भरीत, शेंगदाण्याची चटणी आणि शीरखुर्मा ठेवला. नातवंडांच्या कुस्त्यांना रेवड्या आणि शेवटच्या कुस्तीला नारळ. गल्लीतल्या एका पोराने हलगी धरली. सगळा खर्च हॉलच्या भाड्याच्या निम्माही झाला नाही. कुणाला असं काही करायचं असेल, तर मातीवर पैसे घाला आणि सजावट सोडून द्या, एवढंच सांगेन.

आठांपैकी पाचजण आले. एकजण नातवाच्या मोटरसायकलवर मागे बसून, काठी सांभाळत आला. अब्बा पंच झाले. त्यांनी मातीला हात लावून कपाळाला लावला आणि पहिली जोड लावून दिली. माझ्या भाच्याला घिस्सा कसा मारायचा हे सांगताना त्यांचं दुखरं गुडघं कुठे गेलं कोण जाणे.

मग माळकरी काका थंडाईचा पेला खाली ठेवून म्हणाले, "पैलवान, एकाहत्तरच्या जत्रेत मी तुला ढाकेवर चीत केलं होतं."

"खोटं बोलतोस. बरोबरीत सुटली होती."

अर्धा तास वाद चालला. साक्षीदार चारजण, आणि चौघांचे निकाल चार. अब्बांना एवढं मोठ्याने हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं. मगरिबची अजान झाली तेव्हा काकाच म्हणाले, "जा, नमाज पढून ये. आम्ही बसलोय. निकाल लागल्याशिवाय उठत नाही." आणि ते खरंच बसून राहिले.

त्या रात्री पुढच्या महिन्याची बैठक काकांच्या अंगणात ठरली. तिथे अब्बा गेले, त्यानंतरही जातात. परसातली माती उचलायची का, असं थोरल्याने दोनदा विचारलं. अब्बा उत्तर देत नाहीत. संध्याकाळी तिच्यावर पाणी शिंपडतात.