कागजीपुऱ्याचे चाचा

परवा कपाट आवरताना ते दहा जाड, पिवळसर कागद हाती लागले आणि चाचा आठवले.

दौलताबादच्या किल्ल्यावरून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा लागतो. १३२७ मध्ये तुघलकाने राजधानी इथे हलवली, तेव्हा कागद करणारेही आले, असं गावात सगळेच सांगतात. चाचा त्यांच्यातलेच. चिंध्या कुटून केलेला लगदा हौदातल्या पाण्यात कालवायचा, काठावर उकिडवं बसून काड्यांची जाळी बुडवायची, अलगद उचलायची... की झाला एक कागद! मग दाबून पाणी काढायचं, भिंतीला चिकटवून वाळवायचा, खळ लावून दगडाने घोटायचा. ऐन थंडीतही हात दिवसभर पाण्यात. बोटं कायम सुरकुतलेली.

माझे वडील दौलताबादला मास्तर होते. वह्या बांधायला कागद तिथूनच आणायचे. फाटलेल्या कागदांवर चाचा घरचा हिशेब लिहीत. लेकीच्या लग्नाचं कर्ज, पोरांची फी. फिटलं की आडवी रेघ. हौदावर आपल्यानंतर कुणी बसू नये म्हणायचे, पण थोरला बसलाच.

चाचा गेल्यावर भेटायला गेलो, तेव्हा त्याने तो गठ्ठा काढला. एक ओळ उर्दूतून वाचून दाखवली. "मास्टरसाब, चाळीस रुपये." रेघ नव्हती. वडील कधी बोलले नव्हते, चाचांनी कधी मागितले नव्हते. मी पाकीट काढलं, तर म्हणाला, "अब्बांनी मागितले नाहीत, मी कसे घेऊ?"

मग मी दहा कागद मागितले. त्यांचे पैसे मात्र त्याने मोजून घेतले.