बोट ठेवलेली ओळ

पाचवीच्या वर्गात शेवटच्या रांगेत बसणारी काही मुलं फार शांत असतात. इतकी शांत की शिस्तीची म्हणून त्यांना शाबासकी मिळते. बाईंनी "समजलं का?" विचारलं की सगळ्या वर्गाबरोबर तीही "हो" म्हणतात. फळ्यावरचं वहीत उतरवून घेतात, तेही सुबक अक्षरात; पाहून लिहिणं म्हणजे चित्र काढण्यासारखंच, आणि चित्र त्यांना काढता येतं. वही तपासली जाते, लाल शाईची सही होते, वर्ष पुढे सरकतं.

अशाच एका मुलाला मी जवळ बसवून वाचायला सांगितलं होतं. जिल्हा परिषदेची शाळा, मधली सुट्टी नुकतीच संपलेली. खिचडीचं ताट धुऊन ओली झालेली बोटं त्याने चड्डीला पुसली आणि पुस्तक उघडलं. धडा त्याने खडाखडा वाचला. आवाज मोकळा, अडखळणं नाही. फक्त त्याचं बोट दुसऱ्या ओळीवर होतं आणि तोंड पाचव्या. मी मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून "हा कुठला रे?" विचारलं, तसा तो थबकला. मग त्याचे ओठ हलू लागले. त्या शब्दापर्यंत पोचण्यासाठी तो पहिल्या ओळीपासून अख्खा धडा मनातल्या मनात म्हणत येत होता. पोचलो असं वाटल्यावर त्याने एक शब्द उच्चारला. तो शेजारचा निघाला.

चित्रं पाहून, इतरांचं ऐकून त्याने पुस्तक पाठ केलं होतं. पहिलीपासून तो हेच करत आला होता. या मुलाला कच्चा कुठल्या तोंडाने म्हणायचं? एवढी स्मरणशक्ती, एवढी चिकाटी, चारचौघांत उघडं न पडण्यासाठी रोजची एवढी मेहनत! त्याची सगळी हुशारी वाचता येत नाही हे झाकण्यात खर्च होत होती.

मुलं मागे पडतात त्याची कारणं गावोगाव वेगळी. मराठवाड्यात दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन आईबाप साखर कारखान्याच्या वाटेला लागतात, पोरं त्याच ट्रॅक्टरमध्ये बसतात, आणि परततात तेव्हा ऊन तापलेलं असतं. रायगड-पालघरकडे हीच वाट वीटभट्ट्यांकडे जाते. घरी वारली बोलणारं मूल शाळेच्या पहिल्या दिवशी पुस्तकी मराठीसमोर उभं राहतं. आणि कधी कारण अगदी साधं असतं. पहिलीत कावीळ झाली, मूल महिना-दीड महिना घरी राहिलं. तेवढ्यात वर्ग काना, वेलांटी, उकार उरकून पुढे गेला. मूल परत आलं, पण पुस्तक मागे वळलं नाही. पुढे जोडाक्षरं आली, परिसर अभ्यास आला. सगळ्यांच्या पायाशी तीच राहिलेली वेलांटी.

हे थोड्या मुलांचं दुखणं नाही. 'असर' या शैक्षणिक पाहणीचे कार्यकर्ते २००५पासून खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन मुलांना एक साधा कागद वाचायला देतात: काही अक्षरं, काही सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. २०२४च्या पाहणीत देशभरच्या ग्रामीण सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी जेमतेम २३.४ टक्के मुलांना ती दुसरीची गोष्ट वाचता आली. आकडा आधीच्या पाहणीपेक्षा वर गेला आहे, याचा आनंद आहेच. पण उरलेल्या मुलांच्या हातात आपण तिसरीचं पुस्तक दिलेलं असतं.

मला त्या कागदाचं मोल आकड्यांपेक्षा जास्त वाटतं. एका मुलाला एकटं, प्रेमाने, मोठ्याने वाचायला लावलं की काही मिनिटांत कळतं, ते नेमकं कुठे उभं आहे. अक्षरावर की शब्दावर? काना कळतो पण मात्रेला अडतं का? शिकवणं तिथून सुरू करायचं. मागे पडलेल्या मुलासाठी जे काही करण्यासारखं आहे त्याचं सार माझ्या मते एवढंच आहे: इयत्ता विसरून मूल जिथे आहे तिथे जायचं, आणि रोज जायचं.

आपल्याकडे ही वाट नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी १९७८ साली प्रगत शिक्षण संस्था काढली आणि वाचता न येणाऱ्या मुलांचा प्रश्न आयुष्यभर धरून ठेवला. मोजकी अक्षरं आणि स्वरचिन्हं हाती द्यायची आणि लगेच त्यांतून अर्थाचे शब्द, वाक्यं करायची, अशी त्यांची रीत. मुंबईच्या वस्त्यांत १९९५पासून 'प्रथम' ही संस्था काम करू लागली. तिथली 'बालसखी' म्हणजे वस्तीतलीच शिकलेली तरुण मुलगी. तिसरी-चौथीतल्या मागे राहिलेल्या पंधरा-वीस मुलांना ती शाळेच्या वेळात दोनेक तास वेगळं घेऊन बसे आणि पायाचं वाचन-गणित शिकवी. मुंबई आणि बडोद्यात या कामाचा कसून अभ्यास झाला. सगळ्यांत जास्त फायदा सगळ्यांत मागच्या मुलांना झालेला दिसला. अभ्यास करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना २०१९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

त्यांच्या पुढच्या कामातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. बिहारमध्ये सरकारी शिक्षकांना याच पद्धतीचं प्रशिक्षण दिलं, साहित्य दिलं. शाळेच्या रोजच्या धबडग्यात त्याचा काही परिणाम दिसला नाही. मात्र २००८च्या जूनमध्ये सुट्टीतल्या शिबिरात सरकारी शिक्षकांनीच मागे राहिलेल्या मुलांना शिकवलं, तेव्हा मुलं वाचू लागली. हरियाणात पुढे शाळेच्या वेळापत्रकातच यासाठी रोजचा एक तास राखला, तिसरी ते पाचवीची मुलं इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे बसवली, आणि तिथेही मुलांचं वाचन सुधारलं. म्हणजे शिक्षकांना येत नव्हतं असं नाही. अभ्यासक्रम पुरा करण्याचं ओझं ज्या तासात डोक्यावर नाही, असा तासच त्यांना कुणी दिला नव्हता.

त्या तासात काय घडतं? चौथीतली एक मुलगी. बेचाळीस वजा सतरा. तिने उत्तर लिहिलं, पस्तीस. सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन. मोठ्यातून लहान वजा करायचं, हा दुसरीत शिकलेला नियम तिने इमानाने पाळला होता. मी दहा-दहा काड्यांना रबर लावलेले चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या तिच्यापुढे ठेवल्या. "सतरा दे मला." तिने एक गठ्ठा दिला, दोन सुट्या दिल्या आणि थांबली. अजून पाच हव्यात. गठ्ठ्यांकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाई, सोडू?" रबर निघालं, काड्या सांडल्या, पाच माझ्याकडे आल्या. तिच्यापुढे दोन गठ्ठे आणि पाच काड्या उरल्या. वहीकडे एकदा पाहून खोडरबर तिने स्वतःच उचललं. हातचा घेणं म्हणजे काय ते तिने हातांनी केलं होतं. असं किती मुलांना कुणी कधी करू दिलं असेल!

वाचनाचंही तसंच. आधी मी गोष्ट वाचते, शब्दाखाली बोट फिरवत. मग मुलं वाचतात. बाराखडीचा तक्ता रोज एकदा. मग शब्दांचे खेळ, आणि लिहिणं. पाठांतर करणाऱ्या त्या मुलाला मी ओढ्यावर खेकडे धरायला गेल्याचं सांगायला लावलं आणि तो बोलला तसंच, त्याच्याच बोलीत, मोठ्या अक्षरांत लिहून काढलं. आपलंच बोलणं कागदावर आलेलं पाहून त्याने ते पुन्हा पुन्हा वाचलं. मधल्या कुठल्याही शब्दावर बोट ठेवलं तरी आता तो अडत नव्हता. पाचवीतल्या मुलाला पहिलीचं पुस्तक दिलं तर शेजारचा हसतो, आणि मूल कायमचं मिटतं. म्हणून मजकूर सोपा असावा, पण त्याच्या वयाचा असावा. गटांना 'हुशार', 'कच्चे' अशी नावं नकोत. काही आठवड्यांनी पुन्हा वाचून घ्यावं, आणि मूल तयार झालं की त्याच दिवशी त्याला पुढच्या गटात बसवावं.

शिक्षक हे करायला तयार आहेत. त्यांच्यामागे पाहण्या, निवडणुका, माहिती भरणं लागलेलं असतं आणि त्यांतूनही करणारे मी पाहिले आहेत. त्यांना गावाची साथ हवी. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यातले तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. तुमच्या गावातल्या, वॉर्डातल्या समितीच्या पालकांना गाठा. किती मुलांना गोष्ट वाचता येते आणि ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी वेळापत्रकात रोजचा तास कुठे आहे, एवढं विचारायला त्यांना सांगा. तास नसेल तर मागून घ्या, आणि जमत असेल तर त्या तासाला स्वतः जाऊन बसा.