संगीताचे खाने कोणी पाडले? : २०२४ मधले आमच्या आवडीचे अल्बम

दरवर्षी डिसेंबर उजाडला की इंग्रजी मासिकं आणि वृत्तपत्रं वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमच्या याद्या छापू लागतात. वर्ष अजून महिनाभर बाकी असतं, पण यादी तयार! आम्ही वर्ष पुरतं संपू दिलं. २ फेब्रुवारी २०२५ रोजी ग्रॅमी पुरस्कार वाटून झाले, तेही होऊ दिले, आणि मग २०२४ मधल्या रॉक आणि पॉप अल्बमची आमची यादी लिहायला बसलो. रॅप मुद्दाम बाजूला ठेवला आहे. केन्ड्रिक लमारवर लिहायचं तर स्वतंत्र लेखच हवा.

चळवळीत काम करणाऱ्या माणसाने रॉक-पॉपची यादी कशाला करावी, हा प्रश्न आम्हाला दोन बाजूंनी विचारला जातो. एक बाजू आपल्याच सहकाऱ्यांची. "ताई, तुम्हाला आपली गाणी कमी पडली का?" असं ते विचारतात. आमच्या घरात वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे यांच्या कॅसेट झिजेपर्यंत वाजल्या आहेत, त्यामुळे कमी पडण्याचा प्रश्नच नाही. दुसरी बाजू विद्यापीठातल्या वर्गाची. तिथे आडनाव कळल्यावर एका सहाध्यायीने कौतुकाने विचारलं होतं, "अरे वा, तुम्ही रॉक पण ऐकता?" त्या 'पण' या शब्दावर आम्ही पुढे बराच विचार केला. सहकाऱ्याचा टोमणा आणि सहाध्यायीचं कौतुक, दोन्हींचा अर्थ एकच निघतो. तुमच्या कानाची जागा ठरलेली आहे, तिथेच थांबा.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी १९७९ च्या 'डिस्टिंक्शन' या ग्रंथात दाखवून दिलं की आवड ही निसर्गाची देणगी नसते. ती सामाजिक स्थानातून घडते, आणि आवडीच्या आधारे माणसं एकमेकांना वर-खाली बसवतात. एम.ए.ला आम्ही हे परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. ते खऱ्या अर्थाने कळलं ते गेल्या वर्षी, आमच्या यादीतल्या पहिल्या क्रमांकाच्या अल्बममुळे.

तो अल्बम म्हणजे बियॉन्सेचा 'काउबॉय कार्टर'. २९ मार्च २०२४ ला तो आला. बियॉन्से टेक्सासमधल्या ह्यूस्टनची, जगातल्या सर्वात मोठ्या पॉप गायिकांपैकी एक, आणि या वेळी तिने हात घातला तो कंट्री संगीताला. कंट्री म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या खेड्यापाड्यांचं, गिटार, फिडल आणि बँजोच्या साथीचं संगीत. ते गोऱ्या शेतकऱ्याचं, गोऱ्या गुराख्याचं, असा तिकडे सर्वसाधारण समज आहे.

आता त्या बँजोचंच पाहू. (आपल्याकडे जयंतीच्या मिरवणुकीत जी बँजो पार्टी असते, त्यातला बटणांचा बँजो म्हणजे बुलबुल तरंग. ते वाद्य वेगळं.) अमेरिकेतला बँजो हा आफ्रिकेतून गुलाम म्हणून पकडून आणलेल्या माणसांनी घडवला. वाळलेला भोपळा, त्यावर ताणलेलं कातडं, दांडी आणि तारा. एकोणिसाव्या शतकात गोरे कलाकार तोंडाला काळं फासून काळ्यांची नक्कल करणारे खेळ करत, त्या खेळांतून तो गोऱ्यांच्या हाती गेला. पुढे शंभर वर्षांत तो डोंगराळ भागातल्या गोऱ्यांचं 'पारंपरिक' वाद्य ठरला आणि ज्यांनी तो घडवला ते त्या चित्रातून पुसले गेले. कातडं कमावणारा आणि हलगी वाजवणारा गावकुसाबाहेर, आणि कला मात्र 'महाराष्ट्राची लोककला', हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना यात नवीन काही वाटणार नाही.

पण खाने पाडले कोणी? त्याचं उत्तर बाजारात आहे. १९२० च्या दशकात अमेरिकन रेकॉर्ड कंपन्यांनी दक्षिणेतलं संगीत विकायला सुरुवात केली तेव्हा दोन वेगळी सूचिपत्रं काढली. काळ्या गायकांच्या रेकॉर्ड 'रेस रेकॉर्ड्स' म्हणून आणि ग्रामीण गोऱ्यांच्या 'हिलबिली' म्हणून. प्रत्यक्षात दोघं एकमेकांची गाणी ऐकत होते, शिकत होते, वाजवत होते. तरीही रेकॉर्ड कुठल्या यादीत जाणार हे गाणाऱ्याच्या कातडीवरून ठरू लागलं. १९४९ मध्ये 'बिलबोर्ड' या साप्ताहिकाने 'रेस' हा शब्द काढून 'रिदम अँड ब्लूज' असं नाव ठेवलं. नाव बदललं, भिंत तशीच राहिली.

भिंतीपलीकडे जाऊ पाहणाऱ्यांचं काय झालं? चार्ली प्राइड हा काळा कंट्री गायक. १९६६ मध्ये त्याची पहिली रेकॉर्ड रेडिओ केंद्रांकडे पाठवताना कंपनीने सोबत त्याचा फोटोच पाठवला नाही. लोकांनी आधी आवाज ऐकावा, रंग मागाहून कळावा, हा हेतू. आपल्याकडे भाड्याने खोली शोधताना आडनाव शेवटी सांगायचं असतं, त्यातलाच हा प्रकार. लिंडा मार्टेल ही गायिका १९६९ मध्ये नॅशव्हिलच्या प्रतिष्ठित 'ग्रँड ओल ऑप्री'च्या मंचावर गाणारी पहिली काळी स्त्री. तिचा अल्बम काढणाऱ्या कंपनीचं नाव काय असावं? 'प्लँटेशन रेकॉर्ड्स'! प्लँटेशन म्हणजे जिथे गुलाम राबत ते मळे. एका अल्बमनंतर तिची वाट बंद झाली आणि पुढे तिने शाळेची बसही चालवली.

बियॉन्सेने या लिंडा मार्टेलला, ती ऐंशीच्या घरात असताना, आपल्या अल्बममध्ये बोलावलं. एका गाण्याच्या सुरुवातीला मार्टेल संगीतप्रकार या कल्पनेचीच हसतहसत फिरकी घेते. 'टेक्सास होल्ड एम' या गाण्यात बँजो वाजवला आहे रिअॅनन गिडन्सने. बँजोचा काळा इतिहास लोकांसमोर आणण्यासाठी वर्षानुवर्षं झटणारी ही कलावंत. म्हणजे वाद्य कोणाच्या हाती द्यायचं याचाही इथे विचार आहे. बीटल्सचं 'ब्लॅकबर्ड' हे गाणंही अल्बममध्ये आहे, आणि ते बियॉन्से चार तरुण काळ्या कंट्री गायिकांना सोबत घेऊन गाते. आपल्यासाठी दार उघडलं की मागच्यांसाठी ते धरून ठेवायचं असतं, हे आपल्यातल्या अनेक पुढाऱ्यांना अजून जमलेलं नाही.

आणि प्रतिक्रिया काय आली? गाणं आलं तेव्हा ओक्लाहोमातल्या एका रेडिओ केंद्राने श्रोत्याची फर्माईश नाकारली. आमचं केंद्र कंट्रीचं आहे, बियॉन्से आम्ही लावत नाही, असं कळवलं. लोकांनी गदारोळ केल्यावर लावलं. ते गाणं कंट्रीच्या मुख्य तक्त्यावर पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. त्याआधी एकाही काळ्या स्त्रीचं गाणं तिथे पोहोचलं नव्हतं. तरी सप्टेंबरमध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनची नामांकनं आली, त्यात तिचं नाव एकदाही नाही. मग फेब्रुवारीत ग्रॅमीमध्ये वर्षातला सर्वोत्तम अल्बम आणि सर्वोत्तम कंट्री अल्बम, दोन्ही तिला. कंट्री अल्बमचा ग्रॅमी मिळवणारी ती पहिली काळी कलाकार. ज्यांना इथे 'गुणवत्ते'वर व्याख्यानं ऐकावी लागतात त्यांनी हा क्रम नीट पाहावा. अल्बम तोच, गाणी तीच, गुण देणारे हात बदलले.

इथे एक खुलासा करायला हवा. वंश आणि जात एकच, असं आमचं म्हणणं नाही. जातीचं मूळ वंशात शोधणाऱ्यांचं मत बाबासाहेबांनी स्पष्ट खोडून काढलं होतं. पण दोन्हीकडच्या छळाची तुलना त्यांनी टाळली नाही, १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू.ई.बी. डुबॉइस यांना पत्रही लिहिलं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव कुठून घेतलं हे तर सर्वांना ठाऊक आहे. तिकडचं राजकारण आपण घेतलं, साहित्य घेतलं. मग तिकडचं गाणं ऐकलं की तेवढा साहेबी नखरा कसा होतो?

अल्बम निर्दोष आहे असंही नाही. सत्तावीस तुकडे आहेत, त्यातले सहा-सात कात्री लावण्याजोगे. उत्तरार्ध सैल पडतो. आणि जीन्सच्या कंपनीच्या नावावर बेतलेलं गाणं ऐकताना आम्हाला कलावंतापेक्षा व्यापारीच जास्त दिसली.

दुसरा क्रमांक नायजरच्या म्दू मोक्तारचा, अल्बम 'फ्युनरल फॉर जस्टिस', मे २०२४. हा तुआरेग समाजातला गिटारवादक. लहानपणी गिटार मिळेना म्हणून सायकलच्या ब्रेकच्या तारा लावून त्याने स्वतःच एक बनवली. आज त्याची तुलना जिमी हेन्ड्रिक्सशी होते. गातो मात्र आपल्या तामाशेक भाषेत, फ्रेंचमध्ये नाही, आणि फ्रान्सला खडसावतो तेही त्याच भाषेत. आम्हाला एक शब्द कळत नाही, पण राग कळतो. इतका वेगवान, इतका करकरीत रॉक गेल्या वर्षी दुसऱ्या कोणी वाजवल्याचं आमच्या ऐकण्यात नाही. तरी दुकानदार त्याला रॉकमध्ये न ठेवता 'वर्ल्ड म्युझिक'मध्ये ठेवतात. हा खानाही आभाळातून पडलेला नाही. १९८७ मध्ये काही छोट्या रेकॉर्ड कंपन्यांच्या लोकांनी लंडनच्या एका पबमध्ये बैठक घेऊन, दुकानात कुठे ठेवायचं कळत नाही अशा रेकॉर्डसाठी हे नाव ठरवलं. जग म्हणजे ते सोडून बाकीचे सगळे!

तिसरी ब्रिटनी हॉवर्ड, अल्बम 'व्हॉट नाऊ'. अलाबामातली ही गायिका एकेकाळी टपाल वाटण्याचं काम करायची. आवाज असा की इयरफोन कानातून थोडे बाहेर काढावे लागतात. या अल्बममध्ये रॉक, सोल, नाचाचं संगीत सगळं एकमेकांत मिसळलेलं आहे, आणि दोन गाण्यांच्या मध्ये स्फटिकाच्या वाट्यांचा नाद येतो. अशा वाट्या हल्ली 'बौद्ध ध्याना'च्या नावाखाली महागात विकल्या जातात. आमच्या विहारात एकही नाही.

बिली आयलिशच्या 'हिट मी हार्ड अँड सॉफ्ट'मध्ये दहाच गाणी आहेत आणि एकही वाया गेलेलं नाही. तो चौथा. चार्ली एक्ससीएक्सचा हिरव्या कव्हरचा 'ब्रॅट' आम्ही घर झाडताना पुष्कळ ऐकला, झाडणं लवकर उरकतं.

पाचवा अल्बम द क्युअरचा, 'साँग्स ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड'. सोळा वर्षांनी आलेला, आठ गाण्यांचा, सगळा मरणाबद्दल आणि म्हातारपणाबद्दल. रॉबर्ट स्मिथचा भाऊ गेला, त्याच्यावर एक गाणं आहे. पहिलं गाणं 'अलोन'. त्यात आवाज लागण्याआधी तीन मिनिटांहून जास्त वेळ नुसती वाद्यं वाजत राहतात. वस्तीतल्या अभ्यासिकेत एकदा मुलांचा अभ्यास आटोपल्यावर आम्ही हे गाणं लावलं. दोन मिनिटं झाली, अडीच झाली. आठवीतला एक मुलगा म्हणाला, "ताई, हे गाणं चालू कधी होणार?" शेवटी आवाज लागला तेव्हा सगळे गप्प होते. गाणं संपल्यावर दोघांनी आनंद शिंदे लावा म्हणून गलका केला आणि आम्ही लावले. पण जाताना त्या मुलाने त्या आधीच्या गाण्याचं नाव वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं, देवनागरीत.