दहावीपर्यंतची वाट

खेड्यात शाळा एकच असते आणि ती साऱ्या गावाची असते. शहरात शाळा पुष्कळ असतात, पण साऱ्या गावाची अशी एकही नसते. खेड्याचे शहर होताना त्या एकुलत्या शाळेचे काय होते, हे मी विरार-डहाणू मार्गावरील एका गावच्या जिल्हा परिषदेच्या हायस्कुलात मराठी शिकवताना बावीस वर्षे पाहिले.

तसे हे हायस्कूल अपवादात्मकच म्हणायचे. महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षणाचा भार मुख्यतः खासगी अनुदानित संस्थांनी वाहिला. जिल्हा परिषदेची शाळा बहुधा सातवीपाशी थांबे. आमच्या गावाला दहावीपर्यंतचे वर्ग मिळाले, म्हणून आसपासच्या पाड्यांवरील मुलामुलींना पुढची वाट मोकळी झाली.

पुढे गाव वाढत गेले. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत धावू लागली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. भातखाचरांच्या जागी चाळी आणि इमारती उभ्या राहिल्या. तारापूरच्या कारखान्यांत कामाला आलेल्यांची मुले आमच्या पटावर दाखल झाली. एकाच बाकावर वारली, भोजपुरी आणि वाडवळी बोलणारी मुले बसू लागली. एकदा धड्याच्या ओघात एका वारली मुलीने भोपळ्यापासून तारपा कसा करतात ते सांगितले. तेव्हा मागच्या बाकावरचा बिहारचा मुलगा मोडक्या मराठीत म्हणाला, “बाई, आमच्या गावाला सापवाल्याची बीन पण भोपळ्याचीच असते!” त्या दिवशी माझा धडा अपुरा राहिला, पण वर्गाला एकमेकांची ओळख झाली.

नेमक्या याच काळात आपली, म्हणजे नोकरदार आणि बागायतदारांची मुले, या शाळेतून निघून गेली. इंग्रजी माध्यमाची ओढ मला समजते. पालकांनी मुलांच्या भवितव्याचा विचार करावा यात गैर काहीच नाही. पण मुलांबरोबर त्यांचे पालकही गेले, आणि पालकांबरोबर शाळेचा आवाज गेला. पूर्वी छप्पर गळले तर चार जाणती माणसे पंचायत समितीत जाऊन बसत. आता कोण जाणार? २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण हिस्सा पालकांचा आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. तरतूद उत्तमच आहे. परंतु बैठकीला येणाऱ्या आईचा त्या दिवसाचा रोजगार बुडतो, हे कायद्याने कुठे लक्षात घेतले आहे? ती येते, सही करते आणि घाईघाईने कामावर परतते.

त्याच कायद्याचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क आठवीपाशी संपतो. माध्यान्ह भोजनही तिथवरच. म्हणजे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या आयुष्यातले सर्वांत नाजूक वळण येते, तिथेच आधाराचा हात सुटतो. घरी धाकटी भावंडे असतात, वीटभट्टीवर हातांची गरज असते आणि लग्नाची बोलणीही कानावर येऊ लागतात. अशा वेळी चालत जाण्याच्या अंतरावर नववीचा वर्ग असणे आणि नसणे, यांत एका अख्ख्या आयुष्याचा फरक पडतो. नववीच्या पहिल्या आठवड्यात हजेरी घेताना ज्या नावापुढे उत्तर येत नसे, त्या घरी मी शिपाईमामांना सोबत घेऊन जात असे. काही मुली परत आल्या, काही आल्या नाहीत.

आपल्या धर्मग्रामात शिक्षणाविषयी आस्था आहे. निवृत्त शिक्षक आहेत, बँकेत आणि कचेऱ्यांत आयुष्य घालवलेली माणसे आहेत. अर्ज कसा लिहावा आणि कोणत्या टेबलावर न्यावा, हे त्यांना ठाऊक आहे. आपली मुले त्या शाळेत नाहीत म्हणून ती शाळा आपली नाही, असे मानू नये. आठवड्यातून एक संध्याकाळ दहावीच्या मुलांना गणित शिकवावे. समितीतल्या एखाद्या आईबरोबर पंचायत समितीच्या पायऱ्या चढाव्यात; मात्र बोलू तिलाच द्यावे. शाळा तिच्या मुलीची आहे आणि तिचे गाऱ्हाणे तिच्याइतके नेमके कोणालाच मांडता येणार नाही.