कारंज्याची हिरवी घागर

शुक्रवारी रात्रीची ट्रेन, सकाळी मूर्तिजापूर, तिथून एसटीने कारंजा लाड! नृसिंह सरस्वतींच्या या जन्मगावी बहुतेक जण गुरुमंदिरात दर्शन घेऊन परततात. मी मात्र आजोळच्या वाड्यात शिरलो. वाडा विकायचा ठरलाय. अंगणात भंगारवाला किलोचा भाव सांगत होता. माळ्यावर गळक्या पत्र्याखाली आजीची तांब्याची घागर, हिरवीगार.

बालाघाट जिल्ह्यातल्या मलाजखंडला तांब्याची मोठी खाण आहे. अशा खाणीत वरच्या थरातल्या खनिजाला हवा-पाणी लागून हिरवं मॅलाकाइट तयार होतं. निळं अ‍ॅझुराइट त्याहून दुर्मिळ, कारण बऱ्याचदा तेही पुढे हिरवंच होतं. कारंज्याखाली काळा बेसाल्ट, तांब्याची खाण वगैरे नाही. पण घागरीवरचा कळंक त्याच कुळातला. रेसिपी सोपी : तांबं, ओल, हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि भरपूर वेळ.

‘‘अरे, चिंच लाव, निघून जाईल,’’ मामी म्हणाली. खरंच गेलं असतं. आंबटात हे विरघळतं, म्हणून तर तांब्यात ताक ठेवत नाहीत.

चिंच नाही लावली. आजी गेल्यानंतरचे अकरा पावसाळे त्या थरात आहेत. परतीच्या ट्रेनमध्ये घागर मांडीवर होती.