पियानोवाल्याचें गांव

न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स विभागांत हिंडतांना ‘स्टाइनवे’ ही रस्त्याची पाटी पाहून आम्ही थबकलों. १८५० सालीं आईबापांबरोबर जर्मनींतून आलेल्या विल्यम स्टाइनवे यांनीं १८७० पासून येथें सुमारें ४०० एकर जमीन घेतली व पियानोच्या कारखान्याभोंवतीं कामगारांचें गांव वसविलें. विटांचीं घरें, वाचनालय, बालकमंदिर, चर्च यांची सोय केली. त्यांत परोपकार होता, तसा हिशेबहि होता. शहरांतील संपांपासून आपले कारागीर दूर राहावे, हा हेतु उघड होता. १८९६ सालीं मालक वारले. गांव शहरांत मिसळलें. कारखाना मात्र अजून चालतो व त्या जुन्या घरांतून आजहि संसार नांदत आहेत. ह्यास उपकार म्हणावें कीं व्यवहार, हें आम्हांस ठरवितां आलें नाहीं; पण दिलेला आसरा खरा होता, हें पायऱ्यांवर खेळणाऱ्या मुलांकडे पाहून पटलें.