फुंकरीचा आकडा

करोनाच्या साथीनंतर घराघरांत थर्मामीटरशेजारी ऑक्सिमीटर येऊन बसला. रात्री कुणाला धाप लागली की तो आधी बोटाला लावतात, ९८ दिसलं की सगळे निर्धास्त होतात आणि निदान ठरतं, ‘टेन्शन’. (नाहीतर गॅसेस. आपल्याकडे छातीच्या निम्म्या तक्रारी त्याच खात्यावर जमा होतात.) रुग्ण दमेकरी असेल तर या निदानाचा पुरावाच गैरलागू आहे, असं माझं म्हणणं आहे. ऑक्सिमीटर रक्तातल्या ऑक्सिजनबद्दल सांगतो. दम्यात बिघडते ती हवेची वाट. श्वासनलिका आकसल्या तरी शरीर श्वासाचा जोर वाढवून ऑक्सिजन बराच वेळ टिकवून धरतं. तो घसरू लागतो तोवर झटका पुष्कळ पुढे गेलेला असतो. घाबरून भराभर श्वास घेणाऱ्याच्या बोटावरही ९८-९९च दिसतं. दोन्ही अवस्थांना एकच उत्तर मिळत असेल, तर त्या उत्तरावरून निवाडा कसा करायचा?

मग रुग्णाच्या जाणिवेवर विसंबावं का? लक्षणांत फरक असतो, नाही असं नाही. चिंतेच्या झटक्यात मोठा श्वास घेतल्याशिवाय समाधान होत नाही, सारखे उसासे येतात, ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, गरगरतं. अतिश्वसनामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, त्याचे हे परिणाम. दम्यात खोकला येतो, श्वास सोडताना सुंई सुंई आवाज होतो, त्रास पहाटे वाढतो. पण छाती आवळणं, धडधड आणि जीव घाबरा होणं दोन्हीकडे सारखंच. त्यात साल्ब्युटामॉलचा पंप ओढला की हात थरथरतात, छाती धडधडते, म्हणजे औषधच चिंतेचं सोंग घेतं. शिवाय जाणीव उलट्या बाजूनेही फसवते. १९७६ साली ‘लॅन्सेट’मध्ये रुबिनफेल्ड आणि पेन यांनी दाखवलं की, श्वासनलिका निम्म्याने आवळल्या तरी सुमारे १५ टक्के दमेकऱ्यांना ते कळतच नाही. पुढे १९९४ मध्ये जपानी संशोधकांना दिसलं की, दम्याने मरणाच्या दारातून परतलेल्यांना धापेची जाणीवच बोथट होती. जो कुरकुरत नाही, त्याचीच मला जास्त काळजी वाटते.

म्हणून घरात हवा तो फुंकरीचा वेग मोजणारा पीक फ्लो मीटर. मार्टिन राइट या ब्रिटिश संशोधकाचं मूळ यंत्र १९५९ मधलं. आज मिळते ती प्लास्टिकची साधी नळी, ना बॅटरी ना वायर. उभं राहायचं, काटा शून्यावर आणायचा, छाती भरून श्वास घ्यायचा, ओठ घट्ट मिटायचे, जीभ आड येऊ द्यायची नाही आणि एकाच दमात जोराने फुंकायचं. असं तीनदा करून सर्वांत मोठा आकडा लिहायचा, सरासरी नव्हे. तब्येत बरी असताना दोन-तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ नोंद ठेवली की स्वतःचा सर्वोत्तम आकडा कळतो. समजा तो ४०० आहे. ३२०च्या वर, म्हणजे ८० टक्क्यांपुढे, वाट मोकळी; २०० ते ३२० सावधानतेचा पट्टा; २००च्या खाली धोका. रात्री छाती आवळली आणि फुंकर ३८० आली, तर ती धाप बहुधा दम्याची नाही. २५० आली, पंप घेऊन पंधरा-वीस मिनिटांनी ३४० झाली, तर दमाच होता.

यावर पहिला आक्षेप असा की, घाबरलेला माणूस नीट फुंकतच नाही. खरं आहे. पण त्याचे आकडे विस्कळीत येतात : ३८०, २४०, ३१०. नळ्या खरोखर आकसल्या असतील तर आकडे सहसा एकमेकांजवळ, सगळेच खाली. संशय उरलाच, तर दमा समजून ठरलेला पंप घ्यावा. ती चूक परवडते, उलटी परवडत नाही. दुसरा आक्षेप, ताणानेही दमा उफाळतोच की! उफाळतो, पण तो दमाच असतो आणि उपचारही दम्याचेच. आकड्यांचं वेड लागेल, या तिसऱ्या आक्षेपात मात्र तथ्य आहे. म्हणून मोजायचं ते ठरलेल्या वेळी आणि त्रास झाला तर. दर तासाला नव्हे. ज्यांना तेवढाही संयम जमत नाही, त्यांनी मीटर बाजूला ठेवून डॉक्टरांकडून लक्षणांवर आधारलेला आराखडा लिहून घ्यावा.

आकडा चांगला असूनही धाप लागत असेल, तर रुग्णाला ‘नुसतं टेन्शन’ म्हणून झटकू नये. दमेकऱ्यांत चिंतेचे झटके इतरांपेक्षा जास्त आढळतात आणि त्यांवर उपचार आहेत. तेवढ्यापुरतं नाकाने संथ श्वास घ्यावा, सोडताना अधिक वेळ द्यावा. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा सल्ला दमेकऱ्याने कदापि मानू नये. मीटर दम्याखेरीज कशाची ग्वाही देत नाही, हेही ध्यानात असू द्या. छातीतलं नवं दुखणं हृदयाचंही असू शकतं.

हा अंक हाती पडेल तेव्हा झाडझुडीची धूळ, फटाक्यांचा धूर आणि पहाटेचा गारवा एकत्र आलेले असतील. वही आजच सुरू करा. आणि फुंकर निम्म्याखाली गेली, एक वाक्य सलग बोलता येईना किंवा पंपाने उतार पडेना, तर चिंता की दमा हा खल थांबवा, पंप घेत राहा आणि १०८ला फोन करा.